सोफ्यावरचे काळे केस

"मॅडम, बायकोला जरा समजवा हो, तीन आठवडे झाले, कुत्र्यासाठी रडतेय." विनायकरावांचं माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. समुपदेशनाचं सेशन ऑनलाइन होतं, स्क्रीनवर ते एकटेच, बायको बाजूला वगैरे नाही. (नावं बदललीयत, दोघांचीही आणि कुत्र्याचंही. कुत्र्याचं तर त्यांनीच बदलायला लावलं, म्हणाले आम्हाला कुणी ओळखलं तरी चालेल पण त्याला नको, तो आता ड्युटीवर आहे. परवानगी घेऊनच लिहितेय.)

कुत्रा मेलेला नव्हता, हरवलेला नव्हता. बंटी हा काळा लॅब्रॅडोर, आठ आठवड्यांचा असताना गाइड डॉगच्या, म्हणजे अंध माणसाला रस्त्याने नेणाऱ्या कुत्र्यांच्या, संस्थेने ह्यांच्याकडे वाढवायला दिलेला, आणि चौदा महिन्यांनी पुढच्या ट्रेनिंगला परत गेलेला. सगळं पहिल्या दिवसापासून ठरलेलं, फॉर्मवर सही केलेली. त्यामुळे विनायकरावांचा मुद्दा असा होता की माहीत असलेल्या गोष्टीचं एवढं रडायचं कशाला, हे नॉर्मल आहे का. हा प्रश्न मला वेगवेगळ्या रूपात खूप वेळा येतो, जनावरासाठी एवढं दुःख होणं बरोबर आहे का, आणि तेही आपणच आपल्या हाताने सोडून आलोय तेव्हा. सरळ उत्तर हो असंच आहे. पण ह्या केसमध्ये त्या हो पर्यंत पोचायला आम्हाला तीन सेशन लागली, आणि त्यातलं एक माझ्या चुकीमुळे.

पहिल्या सेशनला मी विचारलं, बंटीबद्दल सांगा. त्यांनी बंटीबद्दल काहीच सांगितलं नाही, गाइड डॉगबद्दल सगळं सांगितलं. पहिल्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डनबर्गला १९१६ मध्ये डॉक्टर स्टॅलिंगनी पहिली शाळा काढली, मग १९२८ ला मॉरिस फ्रँक नावाचा अंध तरुण स्वित्झर्लंडला जाऊन बडी नावाची कुत्री घेऊन अमेरिकेत परतला आणि पुढच्याच वर्षी तिथे शाळा सुरू झाली, ब्रिटनमध्ये पहिल्या चार जोड्या १९३१ ला तयार झाल्या पण पिल्लं घरोघरी वाढवायला द्यायची योजना तिथे १९५६ ला आली. का आली तर पिल्लाचं तीन ते साधारण चौदा आठवड्यांचं वय फार महत्त्वाचं, त्या दिवसांत त्याने जे पाहिलं ऐकलं त्याची भीती पुढे राहत नाही, म्हणून लिफ्ट, जिना, बस, मिक्सरचा आवाज, छत्री उघडणारा माणूस, रडणारं मूल सगळं दाखवायचं असतं आणि ते केनेलमध्ये, म्हणजे कुत्रे ठेवायच्या जागेत, होत नाही, घरातच होतं. कुत्रा सिग्नलचा लाल हिरवा बघून रस्ता ओलांडत नाही, ओलांडायचं कधी ते माणूस वाहतुकीचा आवाज ऐकून ठरवतो, पण माणूस चल म्हणाला आणि गाडी येत असेल तर कुत्रा ऐकत नाही, जागचा हलत नाही, आणि ते न ऐकणं त्याला मुद्दाम शिकवलेलं असतं.

पंचवीस मिनिटं. मला खरंच मजा येत होती, मला ह्यातलं निम्मं माहीत नव्हतं. आणि त्या मजेतच मी बोलून गेले, "किती मोठं काम केलंत हो तुम्ही दोघांनी." झालं. माणूस मिटला. "हो ना, तेच मी तिला सांगतो," म्हणाले, थोडं हसले, घड्याळ बघितलं.

ही माझी चूक. हे वाक्य त्यांना शेजारी, नातेवाईक, सगळेच म्हणत होते, आणि ऐकायला कितीही छान वाटलं तरी त्याचा ऐकणाऱ्यावर परिणाम असा होतो की आता मी वाईट वाटून घेतलं तर मी कोता ठरतो. एका अंध माणसाला डोळे मिळणार आणि तुम्ही रडताय? असं कुणी म्हणत नाही पण ऐकू तेच येतं. अभिमान वाटतो म्हणून दुःख कमी होतं हे गणितच चुकीचं आहे, दोन्ही आपापल्या जागी पूर्ण असतं. अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखावर लिहिलंय, ज्याला आजूबाजूची माणसं दुःख म्हणून मानतच नाहीत, ज्याला भेटायला कुणी येत नाही, ज्याची ऑफिसात रजा मिळत नाही. बंटीचं तसंच होतं. त्यात अजून एक गाठ म्हणजे तो जिवंत आहे, कुठेतरी मजेत शेपूट हलवतोय, फक्त तुमच्या घरात नाही. गेलाही नाही आणि आहेही नाही. अमेरिकन अभ्यासक पॉलीन बॉस यांनी युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम करताना ह्या प्रकारच्या दुःखाला नाव दिलं होतं, अँबिग्युअस लॉस, म्हणजे धड शेवट नसलेलं गमावणं. तुलना मोठी वाटेल, वजन अर्थात सारखं नाही, पण गाठ तीच, की शेवट झालाय असं मनाला सांगताच येत नाही.

दुसऱ्या सेशनला मी शहाणी झाले होते. इतिहास नको, मी विचारलं, तुमचा दिवस कसा सुरू होतो? म्हणाले साडेपाचला. अलार्म? नाही, जाग येते. मग? मग मागचं दार उघडतो आणि उभा राहतो. किती वेळ? "असेल पाचेक मिनिटं." तिथे उभं राहून ते चौदा महिने बंटीला "बिझी बिझी" म्हणायचे. हा शू शी करायचा हुकूम, पिल्लं सांगितल्यावर आणि सांगितलेल्या जागीच करायला शिकतात कारण पुढे ज्याच्याबरोबर जायचं त्याला दिसत नसतं, त्याला साफ करणं सोपं जायला हवं. आता दार उघडून नुसतेच उभे. थंडीत.

"आणि सुनंदाताई?"

"ती झोपलेली असते. रात्री रडते आणि मग गाढ झोपते."

मी काही बोलले नाही. तेही काही बोलले नाहीत. मग स्वतःच म्हणाले, "म्हणजे झोप माझी गेलीय, नाही का."

(घरातला एक जण दुसऱ्याला घेऊन येतो, किंवा दुसऱ्याच्या नावाने येतो, तेव्हा मी आताशा आधी आणणाऱ्याकडेच बघते. रडणारी माणसं बहुतेकदा ठीक असतात. हे माझं मत, सगळ्या समुपदेशकांना पटेल असं नाही.)

खरी गोष्ट तिसऱ्या सेशनला आली. घरात नियम कडक असतात, सोफ्यावर चढू द्यायचं नाही, ताटातला घास द्यायचा नाही, खाली पडलेलं काही उचलू द्यायचं नाही, बॉलच्या मागे वेड लागेल असं खेळवायचं नाही. कारण उद्या हार्नेस (अंध माणूस धरतो तो पट्ट्यांचा साज) घालून भर रस्त्यात माणसाला घेऊन चाललेला कुत्रा कुणाच्या तरी हातातल्या खाण्याकडे वळला तर तो माणूस पडेल. विनायकराव नियमांचे पक्के, बायकोलाही ओरडायचे. आणि त्याच विनायकरावांनी बंटी जायच्या आधीचे दहा दिवस रोज रात्री, बायको झोपल्यावर, त्याला सोफ्यावर घेतलं आणि आपल्या बशीतलं खायला घातलं.

"लाड केलेत," मी म्हणाले.

"लाड नाही मॅडम. मी त्याला नापास करायला बघत होतो."

सगळे कुत्रे पास होत नाहीत हे त्यांना माहीत होतं. कुणाचा सांधा खराब निघतो, कुणी फटाक्याला घाबरतो, कुणी खारीच्या मागे धावतोच, मग अशांना दुसरं काम दिलं जातं किंवा घर शोधलं जातं, आणि ह्यांच्या संस्थेत आधी वाढवणाऱ्यांनाच विचारायची पद्धत होती. तेवढी फट ह्यांना पुरेशी होती. आता तो ट्रेनिंगला गेलेला, आणि हे साडेपाचला दारात उभे राहून विचार करायचे की मी त्या बिचाऱ्याची चौदा महिन्यांची मेहनत घालवली, कुणा अंध माणसाचा कुत्रा मी खाल्ला (हे त्यांचेच शब्द), आणि वर असंही वाटायचं की खरंच नापास झाला तर किती बरं. ह्या दोन्हींमध्ये रडायला जागाच नव्हती. ज्याने चोरी केलीय तो कसा रडणार?

मला आधी हसू येणार होतं, खोटं कशाला सांगू. साठीचा माणूस रात्री दबक्या पावलांनी कुत्र्याला सोफ्यावर बोलावतोय. पण त्यांचा चेहरा बघून ते हसू आतच राहिलं.

पिल्लू नापास व्हावं असं मनात येणं, मी त्यांना सांगितलं, ही वाढवणाऱ्यांमध्ये काही जगावेगळी गोष्ट नाही, फक्त निरोपाच्या दिवशी फोटो काढताना कुणी बोलत नाही. ती इच्छा म्हणजे दुष्टपणा नाही, ती "जाऊ नको" ह्याचंच वाकडं रूप आहे. सरळ म्हणायची सोय नव्हती म्हणून ते बशीतून बाहेर आलं. पण अपराधीपणाचा जो भाग खऱ्या घटनेला चिकटलेला आहे तो माझ्या समजुतीने सुटणार नव्हता, कारण मी कुत्र्यांची तज्ज्ञ नाही आणि त्यांना ते माहीत होतं. म्हणून मी म्हटलं, संस्थेच्या सुपरवायझरना फोन करा आणि हे जसंच्या तसं सांगा. दोन दिवस टाळलं, मग केला. ती बाई म्हणाली, काका, शेवटच्या आठवड्यात निम्मी घरं हेच करतात, आम्ही पहिल्या दिवसांत तेच तर सोडवतो, चौदा महिन्यांचं दहा दिवसांत पुसलं जात नाही, पण सांगितलंत ते बरं केलंत, लक्ष ठेवायला सांगते. एवढंच. त्या रात्री ते रडले म्हणे, बायकोच्या देखत.

पुढच्या वेळी दोघं आले. सुनंदाताईंना मी विचारलं, तुम्हाला हे सोफ्याचं कळल्यावर काय वाटलं? त्या म्हणाल्या, "मला तेव्हाच माहीत होतं. फिकट सोफा आहे आमचा, काळे केस दिसायचे ना सकाळी. हे उठून आंघोळीला गेले की मी झाडून काढायचे." विनायकराव त्यांच्याकडे बघतच राहिले. "मग बोलली का नाहीस?" "तुम्हीच बोलत नव्हता तर मी काय बोलू. आणि मला वाटलं, झाला नापास तर झाला."

ते दोघं जे हसायला लागले ते मी सेशन पाच मिनिटं वाढवलं.

एक प्रश्न मात्र दोघांनाही होता, तो जवळपास प्रत्येक जण विचारतो, की त्याला वाटत असेल का आपण त्याला टाकून दिलं? सुरुवातीचे दिवस जड जातात, नवीन जागा, केनेलचा गोंगाट, ताण येतोच, म्हणून बऱ्याच संस्था आधीपासून एखादी रात्र तिकडे राहायची सवय करतात. पण "टाकलं" हा शब्द आपला आहे, तो आपण त्याच्या डोक्यात भरतो. ज्या कुत्र्याला लहानपणी माणसं भरवशाची भेटली तो पुढच्या माणसाशीही जोडला जातो, आणि त्याला तर पुढे ट्रेनर, मग ज्याच्याबरोबर सहा-सात-आठ वर्षं काम करायचं तो जोडीदार, असं दोनदा जोडायचं असतं. ते जमणं म्हणजे तुम्हाला विसरणं नाही. वर्षांनंतर भेटल्यावर वाढवणाऱ्यांना ओळखून वेडे झालेले कुत्रे आहेतच की.

बाकी व्यवहारातल्या गोष्टी आम्ही पटकन उरकल्या. त्याचं भांडं आणि अंथरूण एका रात्रीत माळ्यावर टाकू नका आणि तसंच ठेवूनही देऊ नका, दोघांनी मिळून एका दिवशी धुऊन ठेवा. साडेपाचला जाग येते तर येऊ दे, पण दारात उभं राहण्यापेक्षा चपला घालून तीच फेरी मारून या, पहिले काही दिवस रिकामा हात फार जाणवेल. घरात लहान मुलं असतील तर त्यांना पिल्लू आलं त्याच दिवसापासून सांगायचं की हा मोठा झाला की शाळेत जाणार, आणि निरोपाला त्यांना न्यायचं, ती झोपेत असताना कुत्रा नाहीसा करायचा नाही, हे मी दुसऱ्या एका घरात बघितलंय आणि ते मूल नंतर कितीतरी महिने आईला बाथरूमला एकटी जाऊ देत नव्हतं.

नवीन पिल्लाबद्दल आमचं एकमत झालं नाही. संस्थेकडून दीड महिन्यात विचारणा आली, मी म्हटलं थांबा थोडं, जागा भरायला म्हणून आणू नका. सुनंदाताई म्हणाल्या, जागा भरायलाच तर हवाय, त्यात वाईट काय? मी माझं म्हणणं परत एकदा मांडलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि पिल्लू आणलं. पिवळी लॅब्रॅडोर, भयंकर चावरी आहे म्हणतात. बरं चाललंय. सोफ्याला त्यांनी आता गडद कव्हर घातलंय, ह्यावर मी काही विचारलं नाही.

मध्यंतरी विनायकरावांचा फोन आला होता. बंटी पास झाला. त्याच्या जोडीदाराबरोबरच्या शेवटच्या सरावाच्या दिवशी सुपरवायझरनी ह्यांना लांबून बघू दिलं, अट एकच, गाडीतून उतरायचं नाही, काचा बंद, वास जाता कामा नये. फुटपाथवर कुणीतरी टाकलेलं बिस्किट पडलं होतं, ह्यांच्या ते आधी लक्षात आलं आणि छातीत धडधडायला लागलं.

"मग?"

"बघितलंसुद्धा नाही त्याने," विनायकराव म्हणाले. मग थोडं थांबून, "मॅडम, खरं सांगू का, जरासा रागच आला."