भोक कुठं पाडायचं? ट्रक कॅम्परमधल्या डिझेल हीटरबद्दल प्रश्नोत्तरे

कॅलगरीत राहतो. पेट्रोलवर चालणारा फोर्ड एफ-१५० पिकअप ट्रक आहे आणि त्याच्या हौद्यात टणक भिंतींचा छोटा कॅम्पर, म्हणजे उतरवता येणारी झोपायची खोली. त्यातला मूळचा प्रोपेन हीटर एका रात्रीत बॅटरी संपवतो. ट्रक पेट्रोलचा असताना डिझेल हीटर लावता येतो का? आणि २ किलोवॅटचा घ्यावा की ५ चा?

लावता येतो, फक्त डिझेलची टाकी वेगळी हवी. खरं तर ट्रक डिझेलचा असता तरी मी वेगळ्या टाकीचाच सल्ला दिला असता. कॅम्पर ट्रकवरून उतरवायचा म्हटलं की दर वेळी इंधनाची नळी सोडायची, पुन्हा जोडायची, आणि दर वेळी नळीत हवा शिरणार. दहा लिटरची टाकी बाहेरच्या कप्प्यात किंवा मागच्या भिंतीवर पक्की आवळा. झोपायच्या जागेत ती नकोच, डिझेलचा वास गादीत मुरला की निघत नाही. टाकीवर ठळक अक्षरात ‘डिझेल’ लिहा. या हीटरमध्ये चुकून पेट्रोल गेलं तर ते आगीला आमंत्रण आहे.

आता आकार. इथं बहुतेक जण मोठ्याच्या मोहात पडतात. हा हीटर पूर्ण जोरात जळतो तेव्हा स्वच्छ जळतो आणि मंद आचेवर तासन्‌तास ठेवला की काजळी धरतो. छोट्या कॅम्परमध्ये ५ किलोवॅटचा हीटर पंधरा मिनिटांत सगळं तापवतो आणि उरलेली रात्र मंद आचेवर धुमसत काढतो. चार-पाच महिन्यांत आत काजळीचा थर. टणक भिंतींना बऱ्यापैकी इन्सुलेशन असेल तर २ किलोवॅट घ्या. वेबास्टो आणि एबरस्पेशर या दोन्ही जर्मन कंपन्यांची या मापाची यंत्रं वर्षानुवर्षं ट्रकवाले वापरत आले आहेत. कापडी भिंतींचा, छत वर उचलायचा कॅम्पर असेल आणि उणे २५ मध्ये झोपायचं असेल, तरच मोठ्याचा विचार करा. आणि स्वस्त चिनी हीटरवरचा ‘८ किलोवॅट’चा बिल्ला मनावर घेऊ नका, त्यातले बरेचसे आतून ५ चेच असतात.

खर्चाचा अंदाज: एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० किलोवॅट-तास उष्णता असते. २ किलोवॅटचा हीटर पूर्ण जोरात तासाला पाव लिटरच्या आसपास पितो, म्हणजे दहा लिटरची टाकी चाळीस तास.

सगळ्या व्हिडिओंत हीटर जमिनीवर बसवून एक्झॉस्ट थेट खाली काढलेला दिसतो. माझ्याही कॅम्परमध्ये जेवणाच्या बाकाखाली जागा आहे. तिथूनच खाली भोक पाडू का?

नाही, अजिबात नाही. हे उत्तर नीट वाचा, बाकीची घाईत वाचली तरी चालतील.

ते व्हिडिओ व्हॅनचे असतात. व्हॅनच्या जमिनीखाली मोकळा रस्ता असतो, तुमच्या कॅम्परच्या जमिनीखाली ट्रकचा हौदा आहे. खाली सोडलेला धूर हौद्याचा पत्रा आणि कॅम्परचा तळ यांच्यामधल्या बोटभर फटीत कोंडेल. तिथून तो वायरींच्या भोकांतून, दाराच्या सांध्यातून, सापडेल त्या वाटेनं वर तुमच्या अंथरुणात येईल. शिवाय एक्झॉस्टचा नळ चांगलाच तापतो, आणि हौद्यात बऱ्याचदा प्लॅस्टिकचं अस्तर किंवा रबराची चटई असते. बाजूच्या भिंतीचा खालचा भागही तसाच, तो हौद्याच्या कठड्याआड झाकलेला असतो.

मग जागा उरतात दोन. एक, कठड्याच्या वरची बाजूची किंवा मागची भिंत. दुसरी, कठड्यावरून बाहेर आलेल्या कप्प्याचा तळ, जर त्याच्याखाली खरोखर उघडी हवा असेल तर. कॅम्पर ट्रकवर चढवा, टॉर्च घेऊन खाली वाका आणि बघा. कॅम्पर उतरवलेला असताना जागा ठरवू नका, तेव्हा सगळीकडेच मोकळं दिसतं. भिंतीतून जायचं तर हीटर आडवा बसवावा लागतो. कोणत्या बाजूवर चालतो आणि कोणत्या नाही याची चित्रं माहितीपुस्तकात असतात, ती तंतोतंत पाळा.

भिंतीतून नळ नेताना लाकूड आणि फोम भोकाभोवती कापून मागे सारा. बोटींसाठी दुहेरी भिंतीचं धातूचं फिटिंग मिळतं, ते घ्या. महाग आहे, पण इथं काटकसर करू नका. बाहेरचं तोंड खिडकी, छताची झडप, फ्रिजची जाळी, प्रोपेनच्या कप्प्याची जाळी आणि ट्रकचं पेट्रोल भरायचं झाकण या सगळ्यांपासून लांब हवं. ते झाकण लोक हमखास विसरतात. तोंड पुढच्या दिशेला नको, गाडी धावताना वारा आत घुसतो. नळाला बाहेरच्या बाजूला उतार द्या. मध्ये कुठं खोलगट वळण आलंच तर तिथं पाणी साचतं, म्हणून सर्वांत खालच्या बिंदूला बारीक भोक ठेवा.

सायलेन्सर लावायचा तर तो भिंतीच्या बाहेर. स्वस्त किटमधले सायलेन्सर पत्रा दुमडून केलेले असतात आणि सांध्यांतून धूर सोडतात. जळण्यासाठी लागणारी हवाही बाहेरूनच घ्या, एक्झॉस्टपासून दूर, नाहीतर हीटर आपलाच धूर ओढतो. तुम्ही श्वासात घेता ती हवा आणि हीटर जाळतो ती हवा, यांची गाठ कुठंच पडता कामा नये.

हीटरच्या इंधन पंपाची टकटक रात्री डोक्यात जाते.

पंप रबरी पट्ट्यात टांगा, पातळ पत्र्यावर स्क्रूनं आवळू नका, पत्रा ढोलासारखा वाजतो. बाहेर जाणारं तोंड वरच्या दिशेला ठेवून पंप तिरका बसवा, म्हणजे हवेचे बुडबुडे निघून जातात. त्यानं आवाज थोडाच कमी होईल, पण जळणं एकसारखं होईल. किटमधली लिबलिबीत हिरवी नळी काढून बारीक आतल्या व्यासाची कडक नायलॉनची नळी टाका.

डेन्व्हरहून लिहिते आहे. घराजवळ हीटर उत्तम चालतो. लेडव्हिलला गेलो की काळा धूर येतो आणि दोन रात्रींत बंद पडतो. चिनी ५ किलोवॅटचा आहे.

लेडव्हिल ३,१०० मीटरच्या आसपास आहे. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के उरतो. पंप मात्र तेवढंच डिझेल टाकत राहतो, त्यामुळे हवा कमी आणि इंधन जास्त, आणि काजळी. चांगल्या कंपन्यांच्या नव्या यंत्रांत दाब मोजणारा सेन्सर असतो आणि ती आपोआप जुळवून घेतात. एबरस्पेशरच्या जुन्या एअरट्रॉनिक हीटरला साधारण १,५०० मीटरच्या वर राहायचं तर वेगळं किट जोडावं लागे. तुमच्या यंत्रात सेटिंगमध्ये जाऊन पंपाचे ठोके कमी करता येतात का ते बघा. थोडे थोडे कमी करा आणि धूर दिसेनासा झाला की थांबा. खाली उतरल्यावर पूर्ववत करायला विसरू नका.

उंचावर के-१ प्रतीचं (कमी गंधकाचं) रॉकेल वापरणं हाही चांगला मार्ग आहे. ते डिझेलपेक्षा स्वच्छ जळतं आणि थंडीत घट्टही होत नाही. रोज सकाळी निघण्यापूर्वी वीस मिनिटं हीटर पूर्ण जोरात चालवा. आता मात्र आधी तो उघडून आतली काजळी खरवडून काढा आणि ग्लो प्लगभोवतीची (डिझेल पेटवणाऱ्या तापत्या कांडीभोवतीची) जाळी बदला. त्याशिवाय सेटिंगचा काही उपयोग नाही.

संध्याकाळी हीटर झटकन पेटतो, पहाटे कमी व्होल्टेजचा एरर देतो. बॅटरी नवीन आहे.

बॅटरी नाही, वायर. ग्लो प्लग तापताना हीटर दोन-तीन मिनिटं ८ ते १० अँपिअर ओढतो. एकदा पेटला की एक-दोन अँपिअरवर भागतं. संध्याकाळी बॅटरी भरलेली असते म्हणून खपून जातं. किटमधली वायर बारीक आणि लांब असते, व्होल्टेज वाटेतच गळतं. ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर थेट बॅटरीपासून न्या, बॅटरीजवळ फ्यूज टाका. हीटर बंद करताना मुख्य स्विच कधीच पाडू नका. बटणानं बंद करा आणि पंखा पाच मिनिटं फिरून आपणहून थांबू द्या, नाहीतर आतली उष्णता इलेक्ट्रॉनिक्स खाते.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर ती शून्य अंशाखाली चार्ज करता येत नाही. गरम हवेची एक छोटी नळी तिच्या कप्प्यात सोडली तर एकाच कामात दोन कामं होतात.

आई-बाबा भारतातून येणार आहेत. त्यांना कॅम्परमध्ये झोपवायचं म्हणजे धाकधूक वाटते. हीटर रात्रभर चालू ठेवणं सुरक्षित आहे का?

नीट बसवलेला असेल तर हो. प्रोपेनच्या उघड्या शेगडीपेक्षा कितीतरी सुरक्षित. ती शेगडी धूर तर आत सोडतेच, वर एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन भिंतींवर बसतं. डिझेल हीटरचं जळणं बाहेरच्या बाहेर होतं.

तरी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच, आणि तो आरव्हीसाठी (राहण्याजोग्या गाड्यांसाठी) प्रमाणित केलेला, यूएल २०३४ या अमेरिकी सुरक्षा मानकाचा शिक्का बघून. झोपण्याच्या जागेजवळ, डोक्याच्या उंचीला लावा. प्रोपेनचा अलार्म खाली असतो कारण तो वायू जड, दोन्हींची गल्लत करू नका. बर्फ पडत असेल तर झोपण्यापूर्वी एक्झॉस्टचं तोंड मोकळं आहे ना ते बघा. छताची झडप बोटभर उघडी ठेवा. आई-बाबा ती ‘गार वारा येतो’ म्हणून लावून टाकतील, तेव्हा आधीच समजावून सांगा. आणि पेट्रोल पंपावर शिरण्यापूर्वी हीटर बंद, हा नियम त्यांच्यासमोरच पाळा, म्हणजे तेच तुम्हाला आठवण करतील.

जुना वेबास्टो स्वस्तात मिळतोय. घेऊ का?

बनवल्याचं वर्ष बघा. आतला हीट एक्सचेंजर दहा वर्षांनी बदलायचा असतो. त्याची किंमत धरून स्वस्त पडतोय का ते पाहा.

पुण्याहून. इसुझू व्ही-क्रॉसच्या हौद्यावर कॅम्पर बांधतो आहे. हिवाळ्यात लडाखला जायचं आहे. इथं हीटर लागेल का?

महाबळेश्वरसाठी दोन गोधड्या पुरतात. लडाखसाठी लागेल, आणि उंचीवर सेन्सरनं जुळवून घेणाराच घ्या. लेह ३,५०० मीटरवर आहे, म्हणजे लेडव्हिलपेक्षाही वर. पुण्यात भरलेलं डिझेल घेऊन जाऊ नका, थंडीत त्यातलं मेण साकळून फिल्टर बुजतो. इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं, तिथं पोचल्यावर हीटरच्या टाकीत ते भरा. पुण्याचं उरलेलं आधी संपवा. नळीत आणि पंपात जुनं डिझेल अडकलेलं असतं, म्हणून नवं भरल्यावर अर्धा तास हीटर चालवा.

कॅम्पर पक्का जोडणार असाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली तो गाडीतला बदल ठरू शकतो. बांधकाम सुरू करण्यापूर्वी आरटीओत विचारा, नंतर नव्हे. आणि पुण्यात परत आल्यावरही महिन्यातून एकदा हीटर अर्धा तास जोरात चालवा. मे महिन्यात शेजारी हसतील, पण पंप अडकणार नाही.