रून लिपीतल्या (उत्तर युरोपात जर्मानिक भाषा, म्हणजे जर्मन, इंग्रजी, डॅनिश यांच्या कुळातल्या भाषा, लिहायची जुनी लिपी) सगळ्यात जुन्या लेखांत नेमकं काय लिहिलंय? खरंच मंत्र-तंत्र आहे का?

घरातलं एखादं जुनं पातेलं घ्या आणि काठाशी बघा. टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव सापडेल. आमच्याकडे आजीचं आहे, आडनावासकट. सुरुवातीचे बरेचसे रून लेख याच जातीचे.

डेन्मार्कच्या फ्यून बेटावर विमोसच्या दलदलीत शिंगाचा एक कंगवा मिळाला, साधारण इ.स. १६०चा. त्यावर एकच शब्द: 'हर्या'. बहुधा मालकाचं नाव. डेन्मार्कमधल्याच इलेरुपच्या दलदलीतल्या ढालीच्या एका पट्टीवर 'निथियोनं केलं' एवढंच आहे. माझा लाडका लेख मात्र जर्मनीत एर्फुर्टजवळ फ्रीनश्टेटला सापडलेला. तिसऱ्या शतकातला कंगवा, आणि वर लिहिलंय 'कंगवा'!

मंत्राची शंका अगदीच निराधार नाही. पाचव्या-सहाव्या शतकातल्या सोन्याच्या पातळ पदकांवर 'अलु' हा शब्द वारंवार येतो आणि तो मंगल किंवा संरक्षक असावा असं बरेच अभ्यासक मानतात. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर किल्वरच्या थडग्यातल्या शिळेवर तर सगळ्या २४ रूनांची ओळच कोरली आहे. ती कशासाठी, यावर वाद आहेत. पण सिनेमात दिसतं तसं पानोपानी जादू, हे काही खरं नव्हे.

आता डेन्मार्कमधल्या गालेहुसचं सोन्याचं शिंग. साधारण इ.स. ४००. काठावर कोरलेलं वाक्य असं: 'एक ह्लेवगस्तिझ होल्तियझ होर्न तविदो.' म्हणजे 'मी, होल्तचा ह्लेवगस्ति, हे शिंग घडवलं.' इथला 'एक' म्हणजे 'मी', संस्कृत 'अहम्'चा चुलतभाऊ. शेवटचा 'झ' म्हणजे आपल्या 'देवः', 'कविः'मधला विसर्गच. संस्कृत शिकलेल्याला हे वाक्य फार परकं वाटत नाही. त्यात तीन शब्द 'ह'नं सुरू होतात, म्हणून याला जर्मानिक अनुप्रासी पद्याची सगळ्यात जुनी ओळ म्हणतात. कारागिरानं सही करता करता कविता केली म्हणायची.

शिंग १७३४ साली शेतकरी एरिक लासेनला सापडलं. १८०२ साली कोपनहेगनच्या राजसंग्रहातून नील्स हायडनराइख नावाच्या सोनारानं ते चोरलं आणि वितळवून टाकलं. आज आपण ती ओळ वाचतो ती चोरीआधी काढून ठेवलेल्या चित्रांवरून.