विचारा बिनधास्त: पापुद्रे सुटणारा दगड

प्रश्न: ट्रेकला गेलो होतो तेव्हा एका दरडीखाली काळपट राखाडी दगड मिळाला. चाकूचं टोक घालून जरा तिरकं केलं की वहीची पानं सुटावीत तसे पापुद्रे सुटतात. मित्र म्हणतो शेल, मला मात्र ही स्लेट वाटते, पाटीचा दगड असतो ना ती. नक्की काय आहे? आणि झाडाची वर्तुळं मोजतात तसे हे पापुद्रे मोजले तर वर्षं कळतील का?

उत्तर: वर्णन वाचून तरी मित्र जिंकणार असं दिसतंय, पण दगड हातात घेतल्याशिवाय मी पैज लावत नसतो. तुम्हीच बघा की घरी. आधी टिचकी मारल्यासारखं दुसऱ्या दगडाने ठोका, स्लेट खणकन वाजते आणि शेल बद्द. मग एक कपची ग्लासभर पाण्यात टाकून रात्रभर विसरून जा. बरेचसे शेल सकाळपर्यंत भुसभुशीत होऊन तळाशी बसलेले असतात, स्लेट मात्र जशीच्या तशी (शेल नाही फुटला तरी लगेच स्लेट म्हणू नका, काही शेल चिवट असतात). तिसरी टेस्ट सोपी, दगडावर तोंडाने गरम हवा सोडा आणि हुंगा, ओल्या चिखलाचा वास आला तर तो अजून मनाने चिखलच आहे.

कारण शेल म्हणजे शेवटी दाबून घट्ट झालेला चिखल. मातीचे सगळ्यात बारीक कण, 0.004 मिलीमीटरपेक्षाही लहान, आणि त्यात थोडे त्याहून मोठे गाळाचे कण. चिकणमातीचे हे कण गोल नसतात बरं का, चपटे असतात, पत्त्यांसारखे, आणि सगळी गंमत तिथेच आहे. इतके हलके की 0.002 मिलीमीटरचा कण स्थिर पाण्यात 10 सेंटीमीटर खाली यायला साधारण 8 तास घेतो, म्हणून जिथे पाणी जवळजवळ हलतच नाही तिथेच तो बसतो, खोल समुद्रतळ, मोठी सरोवरं, पुराच्या पाण्याची डबकी वगैरे. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात मात्र हे कण एकमेकांना चिकटतात आणि गुठळ्या होऊन जरा लवकर खाली येतात.

आता तळाशी बसलेला हा ताजा चिखल म्हणजे पत्त्यांचा बंगला समजा, कण कसेही आडवेतिडवे आणि मधे नुसतं पाणी, निम्म्याहून जास्त जागा पाण्याचीच. वर आणखी गाळ साचत जातो, वजन वाढतं, पाणी पिळून निघतं, बंगला कोसळतो आणि पत्ते एकावर एक आडवे पडतात. तुमच्या चाकूने जो पापुद्रा सुटला तो या आडव्या पडलेल्या कणांमधून. म्हणजे पापुद्रा सुटतो तिथे दरवेळी गाळाचा एक थर संपून दुसरा सुरू झालेला असतो असं नाही, हे बऱ्याच पुस्तकांत घाईघाईत उरकलेलं असतं म्हणून मुद्दाम सांगतोय.

अजून एक, चिखलात किडे-अळ्या बिळं करून वरखाली करत राहिल्या तर थर पार ढवळून निघतात आणि मग तोच चिखल दगड झाला तरी पापुद्रे सुटत नाहीत, ढेकळासारखा फुटतो. त्याला पंकाश्म म्हणतात, शेल नाही. काळ्या शेलचे थर बहुतेकदा शाबूत असतात कारण तळाशी ऑक्सिजनच नव्हता, बिळं करणार कोण? कुजणंही थांबलं, मेलेल्या जिवांचा कार्बन तसाच राहिला आणि दगड काळा झाला. लाल शेल असेल तर लोखंडाचा गंज समजा. कॅनडातल्या बर्जेस शेलमध्ये तर सुमारे 50 कोटी वर्षांपूर्वीचे मऊ अंगाचे प्राणी, हाडं ना शंख, तरी अवयवांसकट छापल्यासारखे टिकलेत. वॉलकॉट नावाच्या अमेरिकन संशोधकाला ते 1909 साली सापडले.

वर्षं मोजायचं म्हणाल तर सहसा नाही. एक थर एका पुरातला असू शकतो, दुसरा शंभर वर्षांचा. हिमनदीच्या पाण्यावर भरणाऱ्या सरोवरात मात्र जमतं, उन्हाळ्यात जाडसर फिकट गाळ आणि हिवाळ्यात पाणी गोठलं की बारीक गडद, अशी जोडी म्हणजे एक वर्ष. स्वीडनमध्ये डी गीर नावाच्या संशोधकाने अशा जोड्या मोजून बर्फ केव्हा केव्हा मागे सरकला ते काढलं होतं. तुमच्या दगडात फिकट-गडद असं आलटून पालटून दिसत नसेल तर मोजायचे कष्ट घेऊ नका.

आणि स्लेटचं म्हणाल तर ती शेलचीच पुढची पायरी, पर्वत तयार होताना शेल दाबात आणि उष्णतेत सापडला की स्लेट होते. पण तिथे दाब बाजूने येतो, त्यामुळे नवीन खनिजं त्या दाबाला काटकोनात रांग धरतात आणि पाटी मूळ थराला तिरकी छेदूनही सुटते. तुमच्या तुकड्यावर रंगाचे पट्टे असतील तर बघा, पापुद्रे पट्ट्यांना समांतर सुटतायत का आडवे कापतायत. आडवे कापत असतील तर पैज तुम्ही जिंकलात.