खडकवासला धरण भरून वाहत असताना पुण्याच्या वाघोलीत टँकर का लागतो?

कारण धरणातलं पाणी आणि नळातलं पाणी यांच्यामध्ये जलवाहिनी, टाकी आणि पंप लागतो, आणि वाघोलीत घरं आधी आली. टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला या चार धरणांचा मिळून साठा साधारण 29 टीएमसी (अब्ज घनफूट). त्यात एकट्या खडकवासल्याचा दोनसुद्धा नाही. म्हणजे ते ‘भरलं’ या बातमीवर जाऊ नका. शिवाय याच पाण्यावर दौंड-इंदापूरची शेतीही आहे, आणि तो हक्क मला रास्त वाटतो.

पुणे महापालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं आली, वाघोली या 23 मधलंच. हद्द एका आदेशाने वाढते, जलवाहिनीला वर्षं जातात. शहराच्या पूर्व भागासाठी भामा आसखेड धरणाचं पाणी आलं तेही 2021 मध्येच.

आमच्या सोसायटीत मार्चपासून बोअर गाळ ओढते. पहाटे पाचला टँकरचा पाइप टाकीत पडल्याचा आवाज आला की शेजारच्या काकू आधी पिंप भरून घेतात. फ्लॅट घेताना बिल्डरला एवढंच विचारा: महापालिकेचं नळजोड आज चालू आहे का? उत्तर ‘लवकरच’ असेल, तर टँकरचा खर्च धरूनच हिशेब करा.