प्रिंटरचे पिवळे ठिपके: काळजी नेमकी कशाची करायची

घरच्या प्रिंटरवर काढलेल्या पानावर छुप्या खुणा उमटतात का आणि त्या टाळता येतात का, असं तुम्ही विचारलंय. उमटतात, बारीक पिवळ्या ठिपक्यांच्या रूपात, पण हा प्रकार मुख्यतः रंगीत लेसर प्रिंटरचा. नुसता काळा टोनर (लेसर प्रिंटरची शाईची पूड) असेल तर पिवळे ठिपके येणार कुठून? इंकजेटमध्येही ते सहसा सापडत नाहीत.

बघायचेच असतील तर रंगीत प्रिंट काढा, खोलीत अंधार करा, पानाच्या कोऱ्या भागावर निळ्या एलईडीचा उजेड पाडा आणि भिंग लावा. पिवळा टोनर निळा उजेड शोषून घेतो, म्हणून एरवी न दिसणारे ठिपके काळपट दिसू लागतात. एकेक ठिपका जेमतेम ०.१ मिमीचा आणि तीच नक्षी पानभर पुन्हापुन्हा. खोट्या नोटा छापणारे सापडावेत म्हणून ही युक्ती निघाली. २००५ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेने झेरॉक्सच्या डॉक्युकलर प्रिंटरची नक्षी उलगडली: १५ बाय ८ची चौकट, तीत छपाईची तारीख, वेळ आणि मशीनचा सिरीयल नंबर.

तुमचं नाव मात्र त्यात नसतं. ते जोडलं जातं बाहेरून: वॉरंटीची नोंदणी, ऑनलाइन खरेदीचं बिल. म्हणून मला ठिपक्यांपेक्षा बाकीच्या नोंदींची धास्ती जास्त वाटते. २०१७चं अमेरिकेतलं प्रकरण घ्या: रिअ‍ॅलिटी विनर नावाच्या, गुप्तचर खात्यासाठी काम करणाऱ्या बाईने एक गुप्त अहवाल एका वृत्तसंस्थेला पाठवला. फुटलेल्या गुप्त अहवालाचं स्कॅन प्रसिद्ध झालं आणि लोकांनी ठिपके वाचून ९ मे, सकाळी ६:२० ही छपाईची वेळ काढली. गंमत म्हणजे एफबीआयच्या प्रतिज्ञापत्रात ठिपक्यांचा उल्लेखच नव्हता. अहवाल कोणी कोणी प्रिंट केला याची नोंद ऑफिसात होती, त्यात सहा जण निघाले आणि त्यांतल्या एकीच्याच, म्हणजे विनरच्या, कॉम्प्युटरवरून त्या वृत्तसंस्थेशी ईमेल झाले होते.

‘ठिपके नसलेलं मॉडेल’ शोधत बसू नका. अशा मॉडेलांच्या जुन्या याद्या आता अद्ययावत नाहीत, आणि ठिपके दिसले नाहीत म्हणून दुसरी कुठली खूण नाहीच, असं होत नाही. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ‘डेडा’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर काढलं. ते ठिपके वाचतं, स्कॅनमधून पुसतं आणि छापताना जास्तीचे ठिपके टाकून मूळ नक्षी निरुपयोगी करतं. पण ओळखीची नक्षी असेल तरच. घरच्या बिलांसाठी, मुलांच्या प्रोजेक्टसाठी एवढा खटाटोप कोण करणार! खरोखर नाजूक कागद असेल तर स्कॅन पाठवूच नका, मजकूर नव्याने टाइप करा.