धुऱ्यावरचा साग ठोक्यात विकू नका

प्रश्न (उमरेड तालुका): धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) पंधरा वर्षांचा साग आहे. ठेकेदार न मोजता ठोक्यात, झाडामागे एकच भाव देतो. विकावा का? दुसऱ्या धुऱ्यावर टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं लावायची आहेत. विक्रेता म्हणतो, सात वर्षांत माल तयार, फक्त युरिया भरपूर द्या.

उत्तर: विकू नका. सागाला किंमत आहे ती आतल्या तपकिरी गाभ्याला. त्यात तेल आणि टेक्टोक्विनोन असतं, म्हणून वाळवी लागत नाही. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला वाळवी खाते. कोवळ्या झाडात हे पांढरंच जास्त. बल्लारशाच्या सरकारी लाकूड डेपोतून २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी साग गेला, तो जुन्या जंगलातला. वनविभाग साग साधारण साठ-ऐंशी वर्षं राखतो. सात वर्षांत गाभा भरत नाही. कोणी छापील पत्रक दाखवलं तरी भरत नाही.

ठोक्याचा भाव तर घेऊच नका. ओंडक्याच्या मधोमध घेर मोजा. घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. घेर ९० सेंमी आणि लांबी ४ मीटर असेल तर ०.२० घनमीटर, म्हणजे सातेक घनफूट. आता ठेकेदाराचा भाव घनफुटावर काढून बघा आणि डेपोतल्या लिलावाच्या दराशी ताडा. मोजायला तयार नसेल त्याला वावरात येऊ देऊ नका.

१९६४ च्या वृक्षतोड कायद्यात साग अनुसूचित आहे, म्हणजे परवानगीशिवाय तोडता येत नाही अशा झाडांच्या यादीत. सातबारावर झाडांची नोंद, तोडीची परवानगी, मग वाहतूक परवाना, याच क्रमानं. ‘कागदपत्रं मी बघतो’ म्हणणाऱ्याला कोऱ्या कागदावर सही देऊ नका. माल नाक्यावर अडला की आधी तुमचंच नाव निघतं.

रोपांचं सांगतो. महागडं रोप घेऊ नका, वनविभागाच्या रोपवाटिकेतून सागाच्या जड्या (शेंडा छाटलेली, मुळासकट खोडकी रोपं) घ्या. अंगठ्याएवढ्या जाड, ताज्या, साल न सुकलेल्या. पहिला चांगला पाऊस झाला की पहारीनं भोक पाडून उभ्या लावा आणि माती घट्ट दाबा, आत पोकळी राहिली की जडी कुजते. मे महिन्यात टँकरचं पाणी घालून लावायला सांगणारा विक्रेता स्वतःचा साठा संपवतोय. काळ्या जमिनीत पाणी तुंबत असेल तिथे साग लावूच नका. निचऱ्याचा धुरा निवडा. मी धुऱ्यावरच्या सागाचाच आग्रह धरतो, वावरातलं पीक सुटत नाही.

युरिया भरपूर? अजिबात नाही. झाड लांबट वाढतं, खोड बारीक राहतं, वादळात वाकतं. पहिली दोन वर्षं शेणखत आणि निंदण पुरे. बाजूचे फुटवे हिरवे असतानाच छाटा, उशीर झाला की लाकडात गाठ पडते. पावसाळ्यात अळी पानांची चाळण करते, तेव्हा दुकानदार दुप्पट डोस हातात देतो. फवारू नका. मोठं झाड पुन्हा पालवतं.

योजना: मुलगी जन्मली असेल तर कन्या वन समृद्धीत दहा रोपं मिळतात, त्यात पाच सागाची. लागवडीच्या मजुरीसाठी रोहयोची चौकशी सामाजिक वनीकरणाकडे पावसाळ्याआधीच करा.