झोपाळा, हत्ती आणि कॅरम : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : ताई, घोडबंदर रोडला नवीन टू बीएचके घेतलाय, हॉल जेमतेम दहा बाय सोळा. सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास, मुलगा सहा वर्षांचा. त्याला हत्तीच्या आकाराची स्टुलं हवीयत, ह्यांना पंख्याच्या हुकाला झोपाळा टांगायचाय आणि मला वाटतं काहीतरी मजेशीर फर्निचर असावं जे लहानमोठे सगळेच वापरतील. सुतार पुढच्या आठवड्यात येतोय, काय सांगू त्याला?
*– एक वाचक, ठाणे*

उत्तर : आधी ह्यांना त्या हुकापासून लांब करा! पंख्याचा हुक पंख्यासाठी असतो हो, चार-पाच किलोच्या. झोपाळ्यावर तीन माणसं बसली की दोनशे किलो कुठेच गेले नाहीत आणि झोक्याचा हिसका वेगळाच. स्लॅबला अँकर (काँक्रीटमध्ये घट्ट बसणारे बोल्ट) मारायचे तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको, हल्ली काही टॉवरमध्ये स्लॅबच्या आत ताणलेल्या पोलादी केबल असतात, ड्रिल तिथे गेलं तर निस्तरता निस्तरणार नाही. सरळ स्टँडवाला घ्या.

झोपाळा मात्र घ्याच. तान्हं बाळ त्यावर झोपतं, पोरं धिंगाणा घालतात, मोठी माणसं पेपर वाचत एका पायाने हलकासा झोका देत बसतात, म्हणजे कोणी किती हलायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. फक्त सासूबाईंचं बघा. टेकायला गेलं की फळी मागे सरकते आणि दुखऱ्या गुडघ्यांना नेमका तेवढाच क्षण भारी पडतो. म्हणून मागच्या बाजूला स्टँडला छोटी साखळी आणि आकडा लावून घ्या, त्या बसता-उठताना झोपाळा अडकवायचा, बसल्या की सोडायचा. फळी १८ इंचांच्या आसपास उंच, त्यांचे तळवे पूर्ण टेकले पाहिजेत, धरायला खुर्चीसारखे हात हवेत, आणि कडा चांगल्या गोल मारून घ्या कारण धावत्या पोराला ती फळी कधी ना कधी लागतेच.

आता हत्ती. अमेरिकेतल्या चार्ल्स आणि रे ईम्स या जोडप्याने १९४५ मध्ये प्लायवूड वाकवून एक हत्ती केला होता, डिझाइनवाले अजून त्याच्यावर जीव टाकतात, पण ते वाकवणं इतकं किचकट की तेव्हा तो बाजारात आलाच नाही. तुमचा सुतार काय करणार, एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी) कापून सनमायका चिकटवणार, आणि पोरगा तिसरीत गेला की त्या हत्तीवर इस्त्रीचे कपडे साठणार. मला तरी नुसता आकार मजेशीर केलेलं फर्निचर फार दिवस टिकताना दिसत नाही.

त्यापेक्षा वाढणारी खुर्ची करून घ्या. नॉर्वेच्या पीटर ऑप्सविकने १९७२ मध्ये ट्रिप ट्रॅप नावाची खुर्ची काढली, दोन्ही बाजूंच्या लाकडांत एकाखाली एक खाचा, बसायची फळी आणि पाय ठेवायची फळी हव्या त्या खाचेत सरकवायची, त्यामुळे लहान मूल मोठ्यांच्या टेबलाशी नीट बसतं आणि मोठं झालं की तीच खुर्ची खाली-वर करून चालते. तुमच्या सुताराला हे समजावणं अवघड नाही, १८ एमएम चांगला प्लाय घ्या म्हणावं.

आणि पैसे उरले तर कॅरमचं टेबल! आतली खेळायची जागा ७४ सेंमी चौरस असते, चौकटीसकट तीन फुटांच्या आत बसतं, उंची ६५-७० सेंमी ठेवली की नेहमीच्या खुर्च्या चालतात. वर झाकण म्हणून प्लायचा तुकडा टाकला की चहाचं टेबल, काढला की खेळ. सासूबाई हाताच्या खुर्चीत, पोरगा त्याच्या उंच फळीवर, तुम्ही दोघं कुठेही. माझं म्हणणं एवढंच की बसायच्या जागा ज्याच्या त्याच्या मापाच्या ठेवा आणि खेळ मधे ठेवा, सगळ्यांना एकाच गमतीशीर स्टुलावर कोंबू नका.

प्रश्न : नेरूळला आमच्या सोसायटीच्या बागेत नवीन बाकं टाकायचीयत. ज्येष्ठ म्हणतात शांतता हवी, पोरं बाकांवरूनच उड्या मारतात, कमिटीत रोज वाद. काय करावं?
*– कमिटीतला एक सदस्य*

उत्तर : उड्या थांबणार नाहीत, पाटी लावूनही नाही. तेव्हा सुटी बाकं नकोच, एक सलग वळणदार कट्टा बांधा, एका टोकाला एक फूट, मधे दीड फूट, पलीकडे दोन फूट. उड्या उंच टोकाकडे जातात, ज्येष्ठ मधल्या भागात, आणि तिथे पाठ आणि धरून उठायला हात मात्र नक्की लावा, ते नसले तर कट्टा कितीही देखणा असो, आजोबा घरीच बसतील. अ‍ॅमस्टरडॅममध्ये आल्डो व्हान आयक या आर्किटेक्टने १९४७ पासून सातशेच्या वर खेळायच्या जागा केल्या, त्यातल्या वाळूच्या हौदांना रुंद काँक्रीटच्या कडा होत्या, पोरं आत खेळायची आणि आया त्याच कडेवर बसायच्या.

बाकी आपल्याकडची पथ्यं. खाडी जवळ आहे, साधं लोखंड गंजणार. स्टीलची बैठक मे महिन्यात दुपारी चटका देते. वरच्या पृष्ठभागाला थोडा उतार द्या नाहीतर पावसाळ्यात पाणी साचून शेवाळ धरेल, आणि गुळगुळीत पॉलिश अजिबात नको. रेलिंग लावलंत तर दोन दांड्यांमधली फट नऊ सेंमीच्या आत ठेवून घ्या, नऊ ते तेवीस सेंमीच्या फटीत पोराचं अंग पलीकडे जातं आणि डोकं अडकतं, हे कॉन्ट्रॅक्टरला कागदावर लिहून द्या.